शेळीपाय

आमच्या गावाला समुद्र नाही.
तो मावळतीला, साडेचारशे किलोमीटर,
आणि खिजर ओव्हरसियर सोडला तर पाहिलेलाही कुणी नाही.
तोही एवढंच सांगायचा, खारट असतो.

तरी खालची गल्ली बुडते.
वर धरणाची दारं उघडली की दोन दिवसांनी
लख्ख उन्हात गंगा येते,
आधी नालीतून उलटी,
मग पिठाच्या गिरणीत,
मग शाळेच्या फळ्याला लागते.
आभाळ कोरडं ठणठणीत.

म्हणून बांध. नऊशे मीटर.
पोटात काळी माती, अंगावर मुरूम.
मी हजेरी लिहायचो, आणि मोजमापाचं पुस्तक.

माती चोपायला रोलर यायचा होता,
अंगभर लोखंडी खूर असलेला.
शेळीपाय म्हणतात त्याला.
तो परभणीच्या अलीकडं एक्सल मोडून बसला.
पोळा उलटला. माती पसरलेली, भुसभुशीत,
आणि वरून निरोप: धरण ब्याण्णव टक्के.

खिजरनं मातीकडं बघितलं, मग माळाकडं.
माळावर म्हाळबा देवकते,
एकशे चाळीस मेंढरं, दोन कुत्री.

सहा दिवस.
वीतभर थर, वर पाण्याचा शिडकावा,
मग मेंढरं या टोकाहून त्या टोकाला.
म्हाळबा पुढं,
मागं त्याची सारजा, पाटीत लंगडं कोकरू.
खिजर टाच रोवून बघायचा.
रुतली की म्हणायचा, अजून एक फेरी.

पुस्तकात मेंढराला रकाना नाही.
मी लिहिलं: यंत्र, एक. तास, अठ्ठेचाळीस.
पैसे डिझेलच्या नावानं निघाले.
म्हाळबानं अंगठा दिला, मग विचारलं,
"मह्या मेंढरांनी डिझेल कवा पेलं?"

पाणी आलं.
रात्रभर बॅटऱ्या घेऊन उभे होतो.
काठाला दोन विटा कमी असताना थांबलं.
पहाटे कुणीतरी बोट बुडवून चाखलं,
"न्हाई, खारट न्हाई."

पुढच्या साली बांधभर बाभळी.
शेंगा मेंढरांनी माळावर खाल्लेल्या,
बिया लेंड्यांतून थेट बांधाच्या पोटात.
बांधावर झाड चालत नाही,
मुळं पाण्याला वाट दाखवतात.
खिजरची बदली झाली.
रोलर अजून यायचाच आहे.

दर आखाडात मी रोपं उपटतो.
एखाद्याबरोबर ढेकूळ निघून येतं,
त्यावर खूर, दोन फाकांचा, स्पष्ट.
ते तिथंच परत बसवतो,
टाच रोवून बघतो.
अजून एक फेरी.