एक वेढा कमी

टॉडमॉर्डनला, कालव्याकाठच्या गल्लीत,
मी मोर्सची कळ दाबली की
मिसेस ग्रीनहाल्श यांची दारघंटा वाजायची.
डा-डिट-डा-डिट, डा-डा-डिट-डा,
मी हाक घालायचो वीस मीटरवर, पार फिनलंडपर्यंत,
आणि या बाई चपला शोधत दाराशी.
दारात धुकं, दुधाची बाटली.

कारण साधं होतं.
केबलला वाटा दोन, असं आपण धरून चालतो:
मधली तार, आणि जाळीची आतली बाजू.
पण जाळीला पाठही असते.
वर गेलेलं काही त्या पाठीवरून
उलट पावली घरात येतं,
मायक्रोफोनला ओठ लागला तर चावतं,
भिंतीपलीकडच्या घंटेत जाऊन बसतं.

म्हणून शनिवारी शेडमध्ये
करड्या ड्रेनपाइपचा वीतभर तुकडा,
साडेतीन मीटर केबल.
वेढे शेजारी शेजारी, एकावर एक नाही;
पहिला शेवटच्याला भेटला की मेहनत पाण्यात.
थंडीत केबल हट्टी,
सोडली की पुन्हा जुन्या वळणावर.
गुडघ्यांत पाइप, दातांत झिप-टाय,
आणि एकदम आठवलं, भोवऱ्याच्या दोरीलाही
आम्ही जाळीच म्हणायचो.

आठ वेढे.
आतल्याला त्यांचा पत्ताच नसतो,
ते सरळ निघून जातं.
दमतं ते फक्त बाहेरून चालणारं.

चोक डायपोलच्या पोटाशी बांधला,
वरून रबरी टेप ताणून.
हाक घातली. शेजारी चिडीचूप.

मंगळवारी बाई कुंपणाशी.
"मिस्टर डॅबकी, बंद केलंत का सगळं?"
दाबके म्हणायचं मी कधीच सोडलंय.
मी छाती फुगवून वर बोट दाखवलं,
वेढे मोजून दाखवले.
त्या बघत राहिल्या. म्हणाल्या,
"मी घंटेचे सेल बदलले. दोनदा."

मग, जरा वेळाने,
"वाजली की किटली ठेवायचे मी.
कुणी नसायचं, ते ठाऊक होतं हो.
पण पाणी उकळलेलं असायचं."
आणि जाताजाता:
"त्यातला एखादा वेढा कमी नाही का करता येणार?"

रात्री कागदावर काढून पाहिलं.
सात वेढ्यांनी फारसं काही बिघडत नाही.
घंटा वाजेलच असंही नाही.
फिनलंडचा कुणी विचारतोय, ऐकू येतंय का,
पुन्हा विचारतोय.
मी कळेवरचा हात काढलाय
आणि टेबलाखाली चपला शोधतोय.