आकृतिबंध

मला एक्सेल येतं म्हणून समितीत घेतलं.
बाकी दोघे प्राध्यापक, ते चहापुरते.

तक्ता असा : पदनाम, कर्तव्ये,
दररोज लागणारा वेळ, मिनिटांत.
शेवटचा रकाना अरुंद.
आवश्यक / अनावश्यक. नको ते खोडा.

विश्रामबागेतल्या या इमारतीत
मंजूर पदं चौसष्ट, भरलेली एकोणतीस,
आणि वरून पत्र आलंय
की एकोणतिसातले जास्तीचे कोण ते कळवा.

सोमवारी दत्तू खाडे. पदनाम वाहनचालक.
जीप चार वर्षांपूर्वी लिलावात गेली,
कवठेमहांकाळच्या कुणा कोंबडीवाल्यानं नेली.
"मग दिवसभर तुम्ही काय करता?"
"खिडकी नंबर चार, मॅडम."
चारच्या बाई निवृत्त झाल्या, जागा भरली नाही.
खाडे दोन दिवसांसाठी बसले, ते बसलेच.
मी मागं उभी राहून पाहिलं.
आटपाडीचा एक पोरगा आला पहाटेच्या एसटीनं,
निकाल राखीव, डोळे तांबारलेले.
खाडेंनी आधी विचारलं, काही खाल्लंस का.
मग पावती मागितली.
मग सांगितलं,
घाटात वळणाच्या आधीच गिअर खाली घेतात तसं.
मी लिहिलं : वाहनचालक. वाहन नाही. मिनिटे
आणि पुढं काय लिहावं सुचेना.

'कर्तव्ये' या रकान्यात अठरा जणांनी लिहिलं :
साहेब सांगतील ते.
सहायक कुलसचिव उपाध्ये यांनी मात्र सात पानं जोडली.
बेरीज केली तर दिवसाला अकराशे मिनिटं भरली.
त्यांना मी काही विचारलं नाही. कुणीच विचारत नाही.

हुसेन शिकलगार, दफ्तरी. तळघर.
एकोणीसच्या पुरात गुणांच्या वह्या भिजल्या
तेव्हा यांनी त्या गच्चीवर वाळत घातल्या,
एकेक पान उलटून, वर खडे ठेवून.
आणि ज्या क्रमानं वाळल्या
त्याच क्रमानं रचल्या.
तो क्रम कुठल्याही संगणकात नाही.
"नव्व्याण्णवची बी. कॉम.? ती लई उशिरा वाळली,
मागच्या घोड्यावर, खालून दुसरी."
मी घड्याळ लावलं होतं. वही चार मिनिटांत हातात.
चार लिहिलं.
लिहिल्यावर मला ते चार बघवेनात.

रात्री घरी बसून नियम घातला :
चारशे ऐंशीच्या आत बेरीज आली की ओळ लाल.
नियम मीच घातला, हे इथं नोंदवते.
स्वतःची ओळ भरायची राहिली.
दुसऱ्यांचा वेळ मोजायला दिवसाला किती वेळ लागतो,
याला पदनाम काय द्यायचं?

खाडे लाल झाले. शिकलगार लाल.
आवक-जावकच्या मगदूमबाई सगळ्यात गडद,
कारण टपाल आता दिवसाला वीसच,
बाकी सगळं ई-मेलनं येतं.
उपाध्ये हिरवे, हिरवेगार.

अहवाल सही होऊन आला शुक्रवारी
आणि पाठवायचा कुणाकडून, तर मगदूमबाईंकडून.
त्यांनी चष्मा चढवला, रजिस्टर उघडलं,
पट्टी धरून रेघ मारली.
जावक क्रमांक चारशे सतरा.
विषय : अतिरिक्त पदांची यादी, सोबत पाने तीन.
अक्षर नेहमीसारखंच, वेलांट्या गोल.
पान तीनवर त्या थांबल्या का, मला कळलं नाही,
मी खिडकीबाहेर बघत होते.
हळदीच्या कुठल्याशा ट्रकनं रस्ता अडवला होता.

शिक्का नीट उमटला नाही,
म्हणून त्यांनी पॅडला दोन थेंब पाणी लावलं,
पुन्हा मारला.
"हस्ते की पोस्टानं?"
"पोस्टानं."
त्यांनी घड्याळ बघितलं. चार वाजून गेले होते.
"आजची पेटी गेली, मॅडम.
उद्या-परवा सुट्टी, सोमवारी माझी रजा,
नातीचं बारसं आहे मिरजेला."
लखोट्यावर काचेचा गोळा ठेवत म्हणाल्या,
"आणि या टेबलावर बदली कोण बसत नाही.
मंगळवारी जाईल."