चार टिंबांचं नाव

सदतिसावा आठवडा. बाहेर उणे एकतीस.
थंडर बेच्या खिडक्यांना आतूनच बर्फ धरलंय.
तू कूस बदलतोस,
आणि फ्रिजवरच्या यादीतलं आणखी एक नाव खोडलं जातं.

"एरिक ठेवा," आई म्हणते,
"एरिकमध्ये कोण काय चुकणार?"
"शेवटी सी की के?" लॅकलन विचारतो,
आणि आई सिंकमध्ये भांडी आपटते.

माझ्या मनात केव्हाचं एकच:
पणजोबांचं. वॅइनो.
म्हणताना शेवटी जीभ 'ए' म्हणते,
ओठ मात्र 'ओ'चे करायचे,
गरम सुपावर फुंकर घालतात तसे.
दोन स्वर, दोघांच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं.
ती गळली की उरतो वाइनो,
आणि वाइनो म्हणजे फिनिशमध्ये छळ,
पाठीस लागून केलेला.
शाळेतली पोरं तर तेवढाही अर्थ शोधणार नाहीत,
दारूची बाटली तोंडाला लावून दाखवतील.

लॅकलन म्हणतो, मी सांगतोच आहे जन्मभर,
'ए' आहे, 'ओ' नाही,
बँकेत, दातांच्या डॉक्टरकडे.
आपल्या लग्नाच्या केकवरसुद्धा 'ओ' होता, आठवतं?
तो आपण खाल्लाही.
पोराला जन्मतःच ही नोकरी लावायची?

मी गप्प. तो चूक नव्हता.

काल इर्या मावशी बुटांचा खोका घेऊन आली.
आत पणजोबांच्या पगाराची पाकिटं, लाकूडतोडीच्या कॅम्पातली,
युनियनचं कार्ड, कवळीची पावती.
सगळीकडे टाइप केलेलं, बोडकं: वाइनो.
आणि सगळीकडे वर पेन्सिलीची चार टिंबं.
कुठे घाईत टाकलेली,
कुठे रागानं, कागदाला भोक पडेस्तोवर.
ज्या हिवाळ्यात उजवा अंगठा गेला
त्या पाकिटावर डाव्या हातानं,
माशा बसाव्यात तशी, भलतीकडेच.
कुणाला दाखवायला नव्हे. पाकीट तर घरातच राहायचं.

खोक्याच्या तळाशी विजेचं बिल.
तारीख त्यांना पुरल्यानंतर पाच आठवड्यांची.
त्यावरही चार टिंबं होती.
पण शाईची. निळी.

"हिल्या आजी पेन्सिल वापरायची नाही,"
मावशी एवढंच म्हणाली
आणि उरलेल्या पुल्लाचा तुकडा कॉफीत बुडवून
बराच वेळ तसाच धरून बसली.
तो विरघळून पडला.

लॅकलन उठला.
बटणं, सेल, जुन्या किल्ल्या यांच्या खणातून
एक पेन्सिल काढली, टोक करत बसला.
दोनदा मोडलं.
मग फ्रिजपाशी जाऊन यादीच्या तळाशी लिहिलं,
एकेक अक्षर, शाळकरी पोरासारखं.
शेवटचं टिंब जरा मोठंच पडलं.

तू लाथ मारलीस.
होकार की नकार, तुझं तुला माहीत.
दवाखान्याची बॅग दाराशी भरून ठेवली आहे.
तुझ्या मोज्यांच्या जोडीत
ती पेन्सिल खोचली आहे.