तासाला वीस मिनिटं

नाव आत्यानं ठेवलं, हर्षवर्धन.
दोन रफार आहेत त्यात.
बारशाला कुणाच्या ध्यानात येतंय?
दुसरीपासून तो ते दोन्ही डोक्यावर घेऊन फिरतोय
आणि एकही जागेवर बसत नाही.

विटा ते सांगली, तासगावमार्गे.
कंडक्टर माझं अर्धं तिकीट फाडतो, त्याचं पूर्ण.
बाईमाणसाला अर्धं, हे आता सगळ्या गाडीला पाठ आहे,
कुणी वळून बघत नाही.
पण मांडीवरच्या फाइलीतून जे मागायला निघालेय
ते शेजारच्या बाईला सांगताना
माझा आवाज आपोआप खाली येतो.

सिव्हिलला तपासणी फक्त बुधवारी.
पहिल्या बुधवारी मॅडम रजेवर.
दुसऱ्या बुधवारी, शाळेच्या पत्रावर शिक्का गोल हवा,
हा चौकोनी आहे.
तिसऱ्या बुधवारी त्याला आत घेतलं.
ठोकळे दिले, चित्रं दिली, मग एक उतारा.
दाराच्या फटीतून ऐकत होते मी.
'समुद्र' या शब्दापाशी तो थांबला,
येरळेच्या पुलावर पाणी आलं की गाडी थांबते तसा.
आणि पहिल्यांदाच
मागून कुणी हॉर्न वाजवत नव्हतं.

हेडसर म्हणाले, आपल्या शाळेत आजवर
असलं कुणी निघालं नाही.
निघाली की, सर.
नववीतूनच निघून गेली, कुणी गॅरेजला, कुणी द्राक्षाच्या पॅकिंगला.
मोजून बघा.
हे मी तिथं म्हणाले नाही.
घरी येऊन, भांडी घासताना म्हणाले.

रात्री फोन. हे कोइमतूरला, गलाईच्या दुकानात.
"सवलतीवर पास झाला म्हणतील गं लोक."
मागं भट्टीचा पंखा घुमत होता.
मी विचारलं, मुशीतलं सोनं
घड्याळ लावून वितळवता का तुम्ही?
का पाणी होईस्तोवर थांबता?
बराच वेळ नुसता पंखाच बोलत राहिला.
मग म्हणाले, कोल्हापूरला फाइल पोस्टानं पाठवू नको.
हातानं दे. पोच घे.

दिवाळी गेली, संक्रांत गेली.
मंजुरीच्या कागदावर त्याचं नाव आलं: हषर्वधर्न.
बोर्डातल्या कुणाच्या तरी बोटाखालून
दोन्ही रफार घसरून पुढच्या अक्षरांवर पडलेले.
दुरुस्तीला पुन्हा एक खेप. माझ्या पोटात गोळा.
त्याला बोट ठेवून दाखवलं, हे बघ, इथं चुकलंय.
तो कागदाकडं बघत राहिला.
"ह्यांच्या हातावर कोण मारत नसंल, न्हाई का, आई?"

लेखनिक एक वर्ग खालची हवी, असा नियम.
नववीतली आफरीन मुजावर तयार झाली,
तिनं लिहिलेली वाण्याची यादीसुद्धा टाकवत नाही अशी पोरगी.
पण मार्चात रोजे.
मी चाचरत विचारलं, तर तिची अम्मी म्हणाली,
लिहील की. हाताला कुठं भूक लागते.

इतिहासाच्या दिवशी घंटा झाली
आणि सगळी पोरं फाटकाबाहेर सांडली,
पॅडं आपटत, कलिंगडाच्या गाड्यावर तुटून पडत.
मग गाडासुद्धा पुढं गेला.
वॉचमन म्हणाला, ताई, संपला की पेपर.
म्हटलं, आमचा चालू आहे अजून.
दोन तासांवर चाळीस मिनिटं.
एवढी निवांत वाट
मी जन्मात कशाची बघितली नव्हती.
भिंतीला टेकून उभी होते, हातात फाइल,
आता तिचं काही काम नव्हतं, तरी.

आली दोघं.
तो गप्पच. ती मनगट चोळत, ओठ सुकलेले,
माझ्याकडं तक्रार घेऊन:
"काकू, ह्याला सांगा की जरा.
लई भरभर बोलतो.
माझा हात पुरत नाही."