चौथी चौकट

सहा नंबरच्या टेबलावर कृषी विद्यापीठातली पोरं
मोबाइलवर वाकून फिदीफिदी हसायलती.
मी शेंगदाण्याची बशी ठेवली तसा शिवकांत म्हणला,
'विश्वंभरमामा, हे बघा, तुमच्या धंद्यातलंच हाय.'

चार चौकटी. कुण्या पोरीनं काढल्यात म्हणे, पुण्याकडच्या.
पहिलीत उंच स्टूल, त्यावर बाई, केस कानामागं.
शेजारच्या स्टुलावर एक जण टेकतोय, शर्ट इस्त्रीचा,
विचारतो : 'काय घेणार?'
दुसरीत ती म्हणते : 'निरोप.'
तिसरीत ती नाहीच. नुसतं स्टूल,
अजून फिरायलंय, दोन वाकड्या रेघांवरून तेवढं कळतं.
चौथीत तो काउंटरवाल्याला सांगतो :
'दोन निरोप द्या. एकात बर्फ नको.'

मला हसू आलं नाही.
आमच्याकडं उंच स्टूल नाही. बाई तर नाहीच.
परभणीत, जिंतूर रोडला, चौदा टेबलं,
आणि पडदा लावलेलं एक फॅमिली सेक्शन,
ज्यात सेठ कांद्याची पोती ठेवतात.

पोरं म्हणली, मामा, त्याला वाटलं निरोप नावाची दारू असती!
कोपऱ्यातून मुळजे सर, रिटायर,
क्वार्टर आणि उकडलेलं अंडं, तिथूनच ओरडले :
श्लेष! शब्द एक, अर्थ दोन,
आणि पेपरात पोरं लिहितात तो तिसराच.
भुतेकर गुत्तेदार म्हणला, येडं हाय ते,
आधी बिल कोन देणार ते ठरवावं लागतंय.
खलीलभाई भटारखान्यातून हात पुसत आला, बघितलं,
'इसमें हसनेका क्या है रे, बिचारा,'
आणि रोटी जळेल म्हणून परत गेला.

चष्मा घरी राहिलेला. मोबाइल लांब धरून
मी पुन्हा बघितलं.
तेव्हा दिसला तो, ज्याच्याकडं कुणीच बघेना.
काउंटरवाला.
पहिल्यापासून एकच ग्लास पुसायलाय.
चौथीत मात्र फडकं थांबलंय
आणि डोळे, दोन ठिपके फक्त,
दाराकडं.
जोक तिथं हाय, मी म्हणलो.
पोरं म्हणली, कुठं?

आता कसं सांगायचं.
एकवीस वर्षं झाली, 'काय घेणार' हे मी
दिवसातून शंभरदा म्हणतो.
चित्रातल्या माणसाची ती लाडीगोडी,
माझी ड्युटी.
फक्त गुरुवारी, साडेसातच्या सुमाराला,
भूमी अभिलेखातल्या टेकाळे मॅडम यायच्या पार्सलला.
पायरीखालीच थांबायच्या, स्कूटी चालू,
स्कार्फ डोळ्यांपर्यंत.
अंडा करी एक, तंदुरी रोटी दोन. कधी बदललं नाही.
तरी मी विचारायचो, 'काय घेणार?'
त्या म्हणायच्या, 'तेच.'
'तेच' म्हणताना स्कूटी बंद करायच्या.

दोन उन्हाळे एवढंच चाललं.
ह्याला काय म्हणतात मला माहीत नाही.
पिशवीत लिंबू मात्र एक जास्त जायचं.

मग एका गुरुवारी,
'काही नाही. कळमनुरीला बदली झाली, सांगायला आले.'
स्कूटी चालूच होती.
मी म्हणलो, 'तिकडं अंडा करी चांगली भेटत नसंल.'
लई विचार करून एवढंच सुचलं.
त्या हसल्या का काय, स्कार्फमुळं कळलं नाही.
पार्सल तर आधीच बांधून ठेवलेलं.
रात्री खलीलभाईनं अन् मी खाल्लं,
त्यानं विचारलं, दोन लिंबं कशाला?

'मामा, सांगा की, जोक कुठंय?'
'फडक्यात,' मी म्हणलो.
ह्याला ती अशी हसली
की सेठनी गल्ल्यावरून मान वर केली.

नऊ नंबरला नवीन गिऱ्हाईक बसलं.
पाणी ठेवलं, पेन काढला, म्हणलो, 'काय...'
आणि तिथं फुटलं मला हसू,
पोटातून, थांबेचना,
ग्लासातलं पाणी टेबलावर.
गिऱ्हाईक खुर्ची मागं सारत म्हणलं,
'तुम्हीच घेतली वाटतं.'