गराडू

अश्विन उतरणीला लागला तरी
आमच्या सुदामानगरात पानं गळत नाहीत.
ती फाल्गुनातली कामं.
इथे नुसता गवताचा रंग उडतो,
कुंपणावरच्या गोकर्णीच्या शेंगा
दुपारच्या उन्हात तडकतात,
आणि पहाटे नळाचं पाणी
बोटांना पहिल्यांदा जाणवतं.

सातला कचरागाडी गाणं वाजवत वळणावर येते.
मी झाडलेला पारिजात सुपात घेऊन उभी.
ओला की सुका?
गाडीवरचा महेश विचारात पडतो.
"दीदी, भगवान का है तो अलग थैली में."
देवाला वाहिलेला नाही रे, मी म्हणते,
आपोआप पडलेला.
तो आणखीच विचारात पडतो.
मागे सलूजांची स्कूटर हॉर्न देत असते.

दिगू तेव्हा झोपलेला. माझा भाऊ.
वहिनी गेल्यावर चार दिवसांसाठी आला, त्याला सहा वर्षं झाली.
त्याच्या चपलेवर हनुवटी टेकून गराडू.

गराडू आमचा कुत्रा.
तेरा वर्षांपूर्वी कार्तिकातल्या एका रात्री
सराफ्यात, कढईच्या मागे,
कंदांच्या पोत्याला टेकून बसला होता:
तपकिरी, ओबडधोबड, अंगाला माती.
नाव शोधावं लागलं नाही.
तळून मसाला भुरभुरायचा, लिंबू पिळायचं,
तेवढंच राहिलं होतं, असं दिगू अजून सांगतो,
ज्याने शंभरदा ऐकलंय त्यालाही.

पूर्वी कचरागाडीच्या गाण्याला तो सूर लावायचा.
या पावसाळ्यात कधीतरी थांबला.
आम्हाला वाटलं, शहाणा झाला.
डॉक्टर जैनांनी त्याच्या मागे उभं राहून टाळी वाजवली,
मग स्टीलची थाळी पाडली.
मी दचकले. दिगू दचकला.

परवाच्या रविवारी त्याला सिरपूरच्या तळ्यावर नेलं.
परदेशी बदकं यायची होती अजून,
दोन-चार आली होती, तीही पार पलीकडच्या काठाला.
डोक्यावर टिटवी ओरडून ओरडून दमली,
हा आपला ओल्या गवतात नाक खुपसून,
ओळ न ओळ वाचल्यासारखा.
परतताना पोह्यांच्या गाडीवर
दिगूने त्याला शेव चारली.
मी जिलेबीकडे बघत राहिले.

आणि दिवाळी.
बारा वर्षं लक्ष्मीपूजनाची रात्र
मी पलंगाखाली काढली आहे,
अर्धी आत, अर्धी बाहेर,
नव्या साडीचं पोतेरं करून,
हात त्याच्या बरगड्यांवर.
काळीज असं धडधडायचं
की सुतळी बॉम्ब बाहेर की आत, कळू नये.
यंदाही सवयीने वसुबारसेलाच
खाली गादी सरकवून ठेवली होती.

तो उंबऱ्यात आडवा झोपला.
एक पंजा रांगोळीत, गुलाबी.
गल्लीत लडी फुटत होत्या, तावदानं थरथरत होती;
एकदा दार हादरलं तसा त्याने एक डोळा उघडला,
कोण आलं म्हणून.
कोणी नव्हतं. मिटला.

माझ्या साडीला चुणी नाही.
हातांना काय करायचं ते सुचेना.
"ये की बाहेर," दिगू म्हणाला, "अनार लावतो."
गेले. पाहिला.
एवढा उंच जातो, लक्षातच नव्हतं,
गच्चीच्या कठड्यापर्यंत,
आणि मग एकाएकी नुसतं वास आणि धूर.

आत आले, गादी काढायला वाकले.
खाली त्याचे केस, एक बुरसटलेलं बिस्किट,
दिगूचा हरवलेला पायमोजा, ज्यावरून मागच्या थंडीत भांडण झालं होतं.
जरा टेकले.
जरा आडवी झाले.

मग फरशीवर नखं वाजली.
तो आला, वाकून पाहिलं,
आपल्या जागी शिरला, पाठ माझ्या पोटाला लावून,
रांगोळी साडीला पुसत.

दिगू बाहेरून ओरडत होता,
उद्या सराफ्यात गराडू खायला जायचं का,
यंदाचे आलेत म्हणे.
आम्हा दोघांना काही ऐकू आलं नाही.