टाका

चाळीस वर्षं मी कापड जोडलं.
पारोळ्यात, जिन्याखालच्या जागेत,
खैरनार टेलर. पाटी आहे अजून, अक्षरं उडालीत.
आता लोखंड जोडावंसं वाटलं.
घरात म्हणाले, कशाला?
सांगता येईना. सायकलच्या जुन्या चेनीचा
एक सरडा डोक्यात येऊन बसला होता, एवढंच.

धुळ्याला गेलो. हकीमुद्दीनभाईंनी
तीन मशिनी दाखवल्या.
एक गॅसची. बटण दाबलं की तार आपसूक पुढे,
पायाशिवाय चालणारं शिलाई मशीन जणू.
किंमत ऐकून मी चष्मा पुसला.
दुसरी जुन्या वळणाची, पोटात तांब्याची वेटोळी,
उचलायला दोघं लागतात.
ती मरत नाही म्हणे, पण घरचा फ्यूज मारते.
तिसरी लाल, जेवणाच्या डब्याएवढी, खांद्याला पट्टा,
अंगावर ठळक आकडा: चारशे.

खरंच चारशे का हो, भाई?

'मास्तर, रेडिमेड शर्टावर बेचाळीस लिहितात.
तुम्ही मानता?'

रिकाम्या हातानं परत आलो.

सुपडू मिस्तरी ग्रिलखाली उताणा पडला होता.
तिथूनच बोलला,
'तुले काय जोडनं शे, ते पह्यले सांग.'
चेन, म्हटलं. पाने. एक सुताची पट्टी, फार तर.
'मंग अडीचना रॉड. नव्वदवर भागस.
उरेल पैसा काचवर लाव.
डोया काय बाजारमा भेटतस?'

माप आधी, कापड नंतर.
मीच गिऱ्हाइकांना सांगायचो हे.

गुरुवारी लाल मशीन घेतली. सहा हजार शंभर.
केबल चिमटीत धरून पाहिली,
दोऱ्याचा पीळ पाहावा तशी.
आपोआप काळी होणारी काच घेतली,
तिचे एकोणीसशे, घासाघीस न करता.

मे महिना. संध्याकाळी गल्लीत कूलर सुरू होतात
आणि रॉड जागच्या जागी चिकटतो,
हट्टी पोरासारखा, ओढला तरी सुटत नाही.
म्हणून पहाटे पाचला बसतो.
व्होल्टेज तेव्हा भरलेलं असतं,
शेजारचा कुत्रा सोडला तर कुणी बघत नाही.

सुपडू याला टाकाच म्हणतो.
आधी टाके मारून घे, मग शिवण.
शब्द माझेच निघाले सगळे,
फक्त इथे सुई जळून संपते
आणि हातात राहतो बोटभर थोटूक.

पहिले टाके कबुतराच्या शिटेसारखे पडले.
कीट ठोकून काढलं तर खाली भोक.
आठव्या दिवशी एक धरला.
नखानं खरवडून पाहिला, दातानंही पाहिला असता.

सरड्याची शेपटी उलटी लागलीय, हे काल कळलं.
कापड असतं तर ब्लेडनं उसवलं असतं.
लोखंड उसवायला ग्राइंडर लागतो.
तो पुढच्या महिन्यात.
तोवर खिडकीत बसलाय,
मागे बघत.